ओव्हन नसताना खेड्यात मुलीचा वाढदिवस : केक आणि सजावट घरीच कशी करावी?

शिवारातली आई (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझी मुलगी सात वर्षांची होत आहे. तिच्या वर्गातली आणि आमच्या गल्लीतली मिळून पंचवीसेक मुले संध्याकाळी घरी येतील. तालुक्याच्या गावाहून क्रीमचा केक आणायचा म्हटले, तर तो मोटारसायकलवर मांडीवर धरून आणावा लागतो आणि आमच्याकडच्या उन्हात घरी पोचेपर्यंत पाघळून जातो; शिवाय एवढ्या मुलांना पुरेल असा केक विकत घेणे आम्हाला परवडणारे नाही. घरात ओव्हन नाही, गॅस आणि चूल आहे, आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. काही मुलांच्या घरी अंडे चालत नसल्यामुळे केक बिनअंड्याचाच हवा.

सजावटीसाठी बाजारातल्या चमकत्या झालरी आणि थर्माकोलची अक्षरे मला नको आहेत, कारण दुसऱ्या दिवशी ती उकिरड्यावर जातात आणि तिथून गुराढोरांच्या तोंडात. मुलीने स्वतःच्या हातांनी केलेले काहीतरी त्या दिवशी भिंतीवर लागावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संत्राबागवाली काकू (वरुड, अमरावती)

ताई, फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे मृगबहाराच्या संत्र्यांचे दिवस, म्हणून संत्र्याचाच केक करा. त्याला क्रीम लागत नाही आणि आदल्या रात्री केलेला दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतो, त्यामुळे ऐन वेळची धांदलही टळते.

सात इंची डब्यासाठी २०० ग्रॅम पीठ घ्यावे. त्यात अर्धा मैदा आणि अर्धी चाळलेली कणीक असली तरी चालते. १५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम दही आणि ८० मिलिलिटर बिनवासाचे तेल एकत्र फेटून घ्यावे. पिठात एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून ते दोनदा चाळावे. एका संत्र्याची साल बारीक किसणीवर अलगद किसावी, मात्र नारिंगी थर संपून पांढरा दिसू लागला की हात थांबवावा, कारण पांढरा भाग कडू असतो. रस १०० ते १२० मिलिलिटर लागेल. आपले नागपुरी संत्रे रस काढून ठेवला की कडवट होत जाते, म्हणून रस अगदी शेवटी हातानेच पिळावा आणि मिक्सरमध्ये बिया भरडू नयेत.

सोड्याला आंबट लागले की लगेच बुडबुडे सुटू लागतात आणि त्या वायूनेच केक फुगतो. म्हणून रस घालण्याच्या आधीच कढई तापलेली असली पाहिजे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत दोन-तीन वाट्या जाडे मीठ पसरा, त्यावर कड्यासारखे एखादे बैठण ठेवा आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. निर्लेप भांडे असे रिकामे तापवू नये. मग चाळलेले पीठ, फेटलेले दही-तेल, किसलेली साल आणि रस एकत्र कालवून ते मिश्रण लगेच तेल-पीठ लावलेल्या डब्यात ओता, डबा आत ठेवा आणि आच मंद करा. चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. पहिली पंचवीस मिनिटे झाकण उघडायचे नाही, नाहीतर मध्यभाग खाली बसतो. एका डब्याचे दहा-बारा तुकडे होतात, म्हणजे पंचवीस मुलांना तीन डबे लागतील.

पिवळ्या रंगासाठी हळद घालण्याचा मोह होतो, परंतु सोड्यासोबत ती तांबूस होते, त्यामुळे घालू नये. वरून लावायला १०० ग्रॅम पिठीसाखरेत दीड-दोन चमचे संत्र्याचा रस कालवून ते दाटसर पांढरे मिश्रण गार केकवर पसरावे. ते आपोआप घट्ट होते आणि उन्हाने पाघळत नाही.

सेवानिवृत्त गुरुजी (हिंगणघाट तालुका, वर्धा)

सजावटीच्या थर्माकोलवर आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा ताईंचा विचार कायद्यालाही धरून आहे. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की थर्माकोलपेक्षा सुबक वस्तू आपल्या कडब्याच्या गंजीतच पडलेली असते.

ज्वारीचा जाड, निरोगी धांडा निवडून पेरापाशी कापावा आणि वरची टणक साल उभी सोलून काढावी. सालीची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनीच करावे. आत पांढरे, हलके भेंड मिळते आणि सालीच्या बारीक, चिवट काड्या निघतात. भेंडाचे तुकडे करावेत आणि त्याच काड्या टोचून ते एकमेकांना जोडावेत. ना डिंक लागतो, ना खिळा. आपण लहानपणी याच धांड्यांची बैलगाडी करायचो, जू, साटा आणि चाकांसकट. त्याच रीतीने मुलीच्या नावाची अक्षरे सहज जुळतात. या दिवसांत पळस फुललेला असतो. त्याची फुले पाण्यात उकळून केशरी रंग काढावा आणि भेंडाचे तुकडे त्यात बुडवावेत. भेंड रंग छान शोषते, परंतु पुढे दोन दिवस सावलीत वाळवावे लागते. टोचण्याचे आणि बुडवण्याचे काम सात वर्षांचे मूल आनंदाने करते, आणि ते तिलाच करू द्यावे, अक्षर थोडे वाकडे झाले तरी.

पताकांसाठी संक्रांतीचा उरलेला पतंगी कागद आणि मुकुटांसाठी जुन्या लग्नपत्रिका घ्याव्यात. खळ मैद्याची शिजवावी. पुस्तकबांधणी करणारे खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात मुळीच वापरू नये. औक्षणाचे निरांजन पताकांपासून लांब असू द्यावे, कारण पतंगी कागद क्षणात पेटतो.

कापूसवाला (राळेगाव, यवतमाळ)

गुरुजींच्या सूचनेत एक भर घालतो. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, बोंडांची वाळलेली टरफले राहतात. ती चार-पाच पाकळ्यांच्या फुलासारखी उघडलेली असतात आणि दोऱ्यात ओवली की दाराला सुंदर तोरण होते.

धुऱ्यावरची ताई (कळंब, यवतमाळ)

दादा, तोरण सुंदर होईल यात शंका नाही, तरीही मी ते लहान मुलांच्या हाती देणार नाही. त्या बोंडांवर हंगामभर फवारणी झालेली असते. २०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. शिवाय गुलाबी बोंडअळी जुन्या बोंडांत दडून राहते, म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून टाकावी असे कृषी विभाग सांगतो. ती घरात आणून टांगणे त्याच्या उलटच होईल. तोरणाला आंब्याचा मोहोर किंवा झेंडू वापरावा.

सोबत येणाऱ्या तान्ह्या भावंडांचाही विचार असू द्यावा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, शेंगदाणे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे जाऊ नयेत; ते घशात अडकतात.

कापूसवाला (राळेगाव, यवतमाळ)

ताई, फवारणीचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. तोरणाची सूचना मागे घेतो.

शिवारातली आई (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. धांड्यांची अक्षरे नक्की करणार. मुलगी आजच गंजीपाशी जाऊन धांडे निवडून आली. आता दोन शंका आहेत. सिलिंडर संपत आले आहे, तर केक चुलीवर होईल का? आणि कागदी ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी वापरायच्या असतील तर काय करावे?

संत्राबागवाली काकू (वरुड, अमरावती)

ताई, तुम्ही पळसाच्या पानांत गुंडाळलेले पानगे गोवऱ्यांच्या आरावर भाजता ना? मग केकही जमेल. जाळावर मात्र ठेवू नका, निखाऱ्यांवर ठेवा. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, त्यामुळे बाभळीचे लाकूड किंवा गोवऱ्या घ्या. कढईखाली निखाऱ्यांचा पातळ थर असावा आणि सपाट झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत, म्हणजे वरची बाजू फिकी राहत नाही. अर्ध्या तासाने खालचे निखारे एकदा बदला. बुडाला करपल्याचा वास आला तर कढईखालचे थोडे निखारे लगेच ओढून घ्या. एक डबा आधी करून पाहा, म्हणजे तुमच्या चुलीचा अंदाज येईल.

पळसाला या दिवसांत पाने नसतात, त्यामुळे ताज्या पत्रावळी होणार नाहीत. आठवडी बाजारातून वाळलेल्या आणा, पाण्याचा हबका मारा आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा, म्हणजे त्या तडकणार नाहीत. केकचा तुकडा मात्र पूर्ण गार झाल्यावरच त्यांवर वाढा, नाहीतर वाफेने खालचा भाग चिकट होतो.