व्हॅसलीन खरंच तेलविहिरीतल्या काळ्या चिकट्यापासून बनलं का?

अबोली:
काल रात्री टाचांच्या भेगांना व्हॅसलीन चोळत बसले होते तर भाऊ म्हणाला, ताई हे तेलविहिरीतल्या घाणीपासून निघालंय, माहितीये का. मला पटेचना. पांढरं स्वच्छ, वास नाही, तान्ह्या बाळांना लावतात, ओठांना आपण लावतो, आणि ते तेलविहिरीतलं? खरं असेल तर लावत राहावं का? आणि घरातल्या अजून कुठल्या वस्तूंचं मूळ असं भलतीकडेच आहे तेही सांगा, आता चैन पडत नाहीये.

खटपट्या:
भाऊ बरोबर बोलला. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेल लागलं, ते बघायला रॉबर्ट चेसब्रो नावाचा बावीस वर्षांचा केमिस्ट तिकडे गेला. तिथले कामगार एका गोष्टीला वैतागलेले, पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा काळा थर चढायचा, तो खरवडला नाही तर पंपच अडकायचा. पण कुणाला कापलं, भाजलं की हेच कामगार तोच थर बोटावर घेऊन जखमेवर चोळायचे! चेसब्रोच्या ते नजरेत भरलं, तो चिकटा घेऊन आला आणि वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागला, हाडांच्या कोळशातून गाळून त्याचा रंग घालवला, १८७२ ला पेटंट मिळवलं. लोक विश्वास ठेवेनात म्हणून चारचौघांसमोर स्वतःची कातडी भाजून घेऊन वर हे लावून दाखवायचा. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण शोध खरं तर त्या कामगारांचा होता आणि तो त्याने बघितला.
लावायला काही हरकत नाही, नीट रिफाइन केलेलं असतं. त्यात औषध असं काहीच नाही, ते फक्त कातडीवर थर धरतं आणि आतला ओलावा उडू देत नाही. म्हणून पाय धुतल्यावर जरा ओलसर असतानाच लावा, कोरड्या टाचेवर लावून तेवढा फरक पडत नाही.

शुभ्रकळी:
मी नर्स आहे म्हणून एक सांगते, ते कामगार भाजल्यावर लावायचे हे वाचून कुणी ताज्या भाजलेल्यावर व्हॅसलीन थापू नका प्लीज. आधी वीसेक मिनिटं गार वाहतं पाणी, बाकी सगळं नंतर.
आता माझ्या आवडीची गोष्ट. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस पुरेना, तेव्हा किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन नावाचं मटेरियल पुरवलं, कापसाच्या कितीतरी पट जास्त शोषणारं. आघाडीवरच्या नर्सेसनी तेच पाळीसाठी वापरायला सुरुवात केली, कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. युद्ध संपलं, माल पडून राहिला, आणि १९२० मध्ये कंपनीने त्याचेच पॅड कोटेक्स नावाने बाजारात आणले. बायकांना दुकानात मागायची लाज वाटायची म्हणून काही ठिकाणी काउंटरवर खोकी ठेवून शेजारी पैसे टाकायला डबा ठेवायचे, उचला, पैसे टाका, निघा. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. त्याच मटेरियलचा पातळ कागद म्हणजे क्लीनेक्स, १९२४ ला आला तो तोंडावरचं कोल्ड क्रीम पुसायला, लोकांनीच तो सर्दीत नाक पुसायला वापरला मग कंपनीने जाहिरात बदलली.

जुनीवही:
रक्त पातळ करायच्या वॉरफरीनच्या गोळीचंच उदाहरण बघा. १९३३ च्या थंडीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून विद्यापीठात पोचला, बरोबर मेलेली कालवड, सडकं गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त, जे गोठतच नव्हतं. गुरं हे गवत खाऊन रक्त वाहून मरत होती. तिथल्या कार्ल लिंक या बायोकेमिस्टच्या लॅबने त्या गवतातलं द्रव्य १९३९ ला वेगळं काढलं, त्यावरूनच पुढे वॉरफरीन तयार झालं आणि १९४८ ला ते बाजारात आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून! माणसांना द्यायला लागले १९५४ पासून. डोस मोजूनमापून असतो, त्यासाठीच तर रक्ताची तपासणी सारखी करतात, तेव्हा हे वाचून कुणी गोळी बंद करू नका.

अबोली:
माझे बाबा वॉरफरीनच घेतात हो. आत्ता त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, दुधाच्या कॅनपाशी आल्यावर म्हणाले थांब, परत वाच.