चर्चा: पगार घेऊन तक्रार मिटवली तर बिघडलं कुठे?

सातपूरकर: माझी मैत्रीण अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला आहे. सुपरवायझर खोका उचलायच्या निमित्ताने मागून येऊन अंगाला हात लावतो. तिने कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली. चौकशी सुरू व्हायच्या आतच एचआरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला: 'तक्रार गैरसमजातून झाली, आता काही म्हणणे नाही.' सही केली तर तीन महिन्यांचा पगार, आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय, मुलीची फी थकलीय. ती सही करायच्या बेतात आहे. मला वाटतं, करू नये.

गोदाकाठ: करू द्या. चौकशीला 90 दिवस, अहवालावर कारवाई करायला मालकाला आणखी 60 दिवस. तोवर चूल कशावर पेटवायची? शिवाय लाइनवरच्या बायका साक्षीला उभ्या राहतील याची खात्री कोण देणार? त्रास तिने सोसलाय, निर्णयही तिचाच.

वकीलताई: निर्णय तिचाच, म्हणूनच हा कागद चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कलम 10 प्रमाणे समेट होतो, पण बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैसा हा त्याचा पाया असू शकत नाही. अटी समितीने नोंदवायच्या, प्रत दोघांनाही द्यायची. इथे मागणी एचआरची, पैसा एचआरचा, भाषाही एचआरची. याला समेट कसं म्हणायचं? बरं, भरपाई कायद्याला वर्ज्य नाही. आरोप सिद्ध झाला तर समिती त्याच्या पगारातून ती कापायला सांगू शकते. मानसिक त्रास, नोकरीतलं नुकसान, औषधपाणी, सगळं धरून.

मनुष्यबळ_सिन्नर: मी दुसऱ्या बाजूला, एचआरमध्ये बसते. अचकट बोलणं आणि अंगचटीला येणं एकाच मापाने मोजू नका. पुष्कळ जणींना शिक्षा नको असते, त्रास थांबायला हवा असतो. लेखी माफी आणि त्याची शिफ्ट बदलली की त्या समाधानी असतात. त्यांना चौकशीत ओढणं हाही अन्यायच. आणि गोपनीयता तर कायदाच सांगतो.

सातपूरकर: माफी आणि शिफ्टबदल तिने मागितला असता तर मी हा धागा काढलाच नसता. इथे तिच्याकडूनच लिहून घेताहेत की काही घडलंच नाही! उद्या तोच माणूस दुसऱ्या लाइनवर गेला, तिथल्या पोरीने तक्रार केली, तर हाच कागद तिच्या तोंडावर मारतील.

वकीलताई: कलम 16 ची गोपनीयता तक्रारीचा आणि चौकशीचा तपशील, आणि तिची, आरोपीची, साक्षीदारांची ओळख झाकण्यासाठी आहे. नाव-गाव न सांगता न्याय मिळाल्याची माहिती देता येते. तिला सांगा, चौकशी चालू असेपर्यंत त्याची किंवा स्वतःची बदली, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत रजा समितीकडे लेखी मागता येते. ठेकेदाराची कामगार असली तरी कायदा लागू आहे.

मनुष्यबळ_सिन्नर: 'गैरसमजातून' हे वाक्य मीही लिहून घेतलं नसतं. तेवढं मान्य.

सातपूरकर: आत्ताच तिच्याशी बोलले. सही पुढे ढकलतेय, उद्या समितीला बदलीचं पत्र देणार.

गोदाकाठ: देऊ द्या. पण ठेकेदाराने 'सोमवारपासून येऊ नको' म्हटलं तर गेटवर तिच्यासोबत कोण जाणार, ते आजच ठरवा. फीसाठी माझा वाटा पाठवतो. माझं मत मात्र तेच आहे, तिने सही केली तरी तिला बोल लावू नका.