हरणारी टीम निवडताना कोचकडे बघायचं की नाही?

एडिसनकर

आमच्या ऑफिसात दर सप्टेंबरला अमेरिकन फुटबॉलचा 'लूझर पूल' निघतो. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एनएफएलच्या टीम ३२, सीझन १८ आठवड्यांचा. दर आठवड्याला एक टीम निवडायची, पण हरणारी. ती हरली की तुम्ही पुढच्या आठवड्यात. ती जिंकली की तुम्ही बाद, आणि मॅच बरोबरीत सुटली तरी बादच. एकदा वापरलेली टीम त्या वर्षी पुन्हा चालत नाही, त्यामुळे एकाच दळभद्री टीमच्या जिवावर सीझन काढता येत नाही. माणशी २० डॉलर, शेवटी उरेल त्याचे सगळे.

माझं मत असं की यात खेळाडू बघूच नयेत. खेळाडू जखमी होतात, बदलतात, कधी एखाद्या रविवारी अंगात येतं त्यांच्या. कोचचा वेंधळेपणा मात्र कायमस्वरूपी असतो. म्हणून मी ऑगस्टमध्येच ३२ कोचना १० पैकी मार्क देतो आणि तळाचे पहिले वापरतो.

आता हसून घ्या. २०२० साली मी जेट्सच्या अॅडम गेसला शून्य दिलं होतं. टीम ०-१३ वर होती (जिंकलेल्या ०, हरलेल्या १३). २० डिसेंबरला ती रॅम्सच्या मैदानात जाऊन २३-२० जिंकली आणि मी बाद. तरी सिद्धांतावर माझा विश्वास आहे. बोला.

रात्रपाळी

याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. आपण सोफ्यावर, हातात चिवड्याची वाटी, आणि मार्क कोणाला देतोय तर ज्याने तीस वर्षं यातच काढली त्याला.

कोच बिल बेलिचिकचं घ्या. क्लीव्हलँडमध्ये पाच सीझन, ३६ विजय, ४४ पराभव, हकालपट्टी. मग न्यू इंग्लंडमध्ये पहिल्याच वर्षी ५-११. २००१च्या ऑगस्टमध्ये तुमच्या तक्त्यात त्याला फार तर तीन मार्क मिळाले असते. त्याच सीझनपासून पुढे सहा सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकल्या! कोच तोच होता. फरक एवढाच की क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून टॉम ब्रेडी मैदानात उतरला. २०२०मध्ये ब्रेडी टीम सोडून गेला आणि पुढच्या चार सीझनांचा हिशेब २९-३८, शेवटचं वर्ष ४-१३. आता सांगा, तो महान आहे की सामान्य? क्वार्टरबॅक सांगा, मग कोचचे मार्क सांगतो.

एडिसनकर

ब्रेडीला ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) सहाव्या फेरीत, १९९ नंबरवर कोणी उचललं? आपोआप नाही आला तो.

रात्रपाळी

पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून तो खेळला. बोलाफुलाला गाठ.

तळ्याकाठचा बाळू

मी शिकागोत राहतो, म्हणजे या विषयावर बोलायचा अधिकार रक्ताने मिळवलेला आहे. एडिसनकरांना शंभर टक्के अनुमोदन.

२०२४चा थँक्सगिव्हिंग. आमचे बेअर्स डेट्रॉइटमध्ये. हाफटाइमला १६-० ने मागे, तिथून ओढत ओढत २३-२० पर्यंत आणलं. शेवटचं अर्धं मिनिट, बॉल आमच्याकडे, फील्ड गोल (तीन पॉइंटांची किक) मारून बरोबरी करता येईल इतपत जवळ. तेवढ्यात क्वार्टरबॅकला पाडलं. हातात एक टाइमआउट शिल्लक. घड्याळ पळतंय. कोच मॅट एबरफ्लस कडेला उभा.

साताऱ्याहून आलेले माझे बाबा शेजारी बसून भात कालवत होते. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही. दिवसभर 'हे लोक सारखे सारखे पडतात का?' एवढंच विचारत होते. ते म्हणाले, "अरे, घड्याळ थांबवायची सोय आहे ना यांच्यात?" म्हटलं, आहे. "मग थांबवत का नाहीत? आमच्या कबड्डीत पोरंसुद्धा थांबवतात." हातातला घास तसाच. सहा सेकंद उरली तेव्हा कुठे बॉल खेळात आला, लांब फेकला, पडला, संपलं. टाइमआउट खिशातच.

दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात बेअर्सनी चालू सीझनमध्ये हेड कोच काढायची ती पहिली वेळ. एकूण १४-३२. जी चूक साताऱ्यातून दिसते, तिला मार्क द्यायला तीस वर्षांचा अनुभव कशाला लागतो?

ठमी

बाळू, किस्सा झकास, पण पुलाशी त्याचा संबंध काय? डेट्रॉइट त्या वर्षी १५-२ होती. त्यांच्या घरच्या मैदानावर बेअर्स हरणार हे निम्म्या ऑफिसने लिहिलं असेल. एबरफ्लसने टाइमआउट घेतला असता तर फार तर बेअर्स हरण्याऐवजी बरोबरीत आले असते. आपण निवडतो ती मॅच, माणसाचं चारित्र्य नाही.

जरा गणित करा. समजा दर आठवड्याला तुमची निवड ८० टक्के खात्रीची आहे, जी चांगलीच म्हणायची. दहा आठवडे टिकण्याची शक्यता किती? अकरा टक्क्यांच्या आत. अठरा आठवड्यांची दोनच्याही खाली. म्हणजे एखाद्या रविवारी आपटणार हे ठरलेलंच आहे, आणि तेव्हा कोचला शिव्या घालून मन शांत करायचं असेल तर तक्ता जरूर करा. मी फक्त तीन गोष्टी बघते: मॅच कोणाच्या घरी, क्वार्टरबॅक कोण, आणि ही टीम पुढे कुठल्या आठवड्यात याहून जास्त नक्की हरेल. तिसऱ्या गोष्टीवर पूल जिंकला जातो. तिचा कोणी विचार करत नाही.

रात्रपाळी

+१. आणि कोच हा मुळात बळीचा बकरा असतो. ह्यू जॅक्सन आठवा. क्लीव्हलँडमध्ये २०१६ला १-१५, २०१७ला ०-१६. पण मालक आणि वरचे लोक चांगले खेळाडू जाऊ देऊन ड्राफ्टचे पिक (निवडीच्या पाळ्या) गोळा करत बसले होते. खायला भाकरी द्यायची नाही आणि कुस्ती का हरलास म्हणून विचारायचं.

एडिसनकर

जॅक्सनचं नाव तुम्ही काढलंत हे बरं केलंत. २०१८मध्ये २-५-१ वर त्याला काढलं. उरलेल्या आठ मॅच त्याच खेळाडूंनिशी हंगामी कोच ग्रेग विल्यम्सने खेळल्या. निकाल ५-३. भाकरी तीच होती ना?

(त्या २-५-१ मधला शेवटचा १ म्हणजे पहिल्याच आठवड्यातली स्टीलर्सबरोबरची २१-२१. आमच्या पुलातले नऊ जण त्या एका बरोबरीत गेले. क्लीव्हलँडचे ब्राउन्स जिंकू शकत नाहीत हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, बिचारे.)

विदर्भवीर

फुटबॉल कळत नाही, पण कोचमुळे काही होत नाही म्हणणाऱ्यांनी चंद्रकांत पंडित हे नाव ऐकलंय का? विदर्भाने एकदाही रणजी जिंकली नव्हती. पंडित आले, २०१७-१८ आणि २०१८-१९, लागोपाठ दोन. मग मध्य प्रदेशला गेले, २०२२ला त्यांनाही पहिली रणजी, तीही फायनलमध्ये मुंबईला हरवून. दोन्हीकडे नावाजलेले खेळाडू किती होते?

रात्रपाळी

वसीम जाफर होता विदर्भात. पण ठीक, हा मुद्दा थोडा लागला.

सोनचाफा

आता माझं दुःख ऐका. ८ जानेवारी २०२३, सीझनचा शेवटचा रविवार. ऑफिसच्या पुलात ३६ जणांपैकी दोघंच उरलो होतो, मी आणि अकाउंट्समधली एक बाई. मी ह्यूस्टन टेक्सन्स लोणच्यासारखे मुरत ठेवले होते. २-१३-१ अशी टीम. शिवाय हरले तर त्यांना ड्राफ्टचा पहिला पिक मिळणार होता, म्हणजे हरण्यातच फायदा. मॅच इंडियानापोलिसला, कोल्ट्सच्या घरी. मी शनिवारीच मित्रांना पार्टी कबूल करून बसलो.

मिनिटभरापेक्षा कमी वेळ, कोल्ट्स ३१-२४ ने पुढे. टेक्सन्सचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न, वीस यार्ड पुढे जायला हवं होतं. मी सोफ्यावरून उठून जॅकेट घातलं. डेव्हिस मिल्सने बॉल फेकला, दोन बचावपटूंच्या मधून जॉर्डन एकिन्सने धरला, टचडाउन. ३१-३०. अजून धोका नव्हता, कारण एक पॉइंटाची किक मारली तर बरोबरी आणि ओव्हरटाइम. पण कोच लव्ही स्मिथने दोन पॉइंटांचा प्रयत्न केला. तोही जमला. ३२-३१. जॅकेट घालून तसाच उभा होतो मी, बायको म्हणाली, "कुठे निघालायस?"

त्याच रात्री स्मिथला नारळ मिळाला. टेक्सन्सचा पहिला पिक गेला शिकागोला. याच शिकागोने २०१२मध्ये १०-६ करूनही त्याला काढलं होतं! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे कर्म एकाचं आणि दैव दुसऱ्याचं. बाळू, तुम्ही त्याला पेढे पाठवायला हवेत.

माझं म्हणणं: अशा माणसाला मार्क किती द्यायचे? हरला असता तर वरचे खूष झाले असते. तो जिंकायला गेला.

तळ्याकाठचा बाळू

पेढे पाठवतो. तो पिक आम्ही कॅरोलायनाला विकला, त्यांनी ब्राइस यंग घेतला आणि पुढच्या वर्षी २-१५ केलं. त्यांचा पिक आमच्याकडे होता, तो पुन्हा पहिला निघाला आणि त्यात केलेब विल्यम्स आला. तोच तो क्वार्टरबॅक, थँक्सगिव्हिंगला सहा सेकंद हातात घेऊन उभा असलेला. म्हणजे फिरून बाबांच्या भातापाशी आलो.

ठमी

आणि ह्यूस्टनला दुसऱ्या पिकात सी. जे. स्ट्राउड मिळाला, पुढच्या वर्षी १०-७. तोटा फक्त सोनचाफांचा.

पण स्मिथबद्दल एक गंभीर गोष्ट. त्याच्या आधीच्या डेव्हिड कलीलाही ह्यूस्टनने एकाच सीझननंतर काढलं होतं. दोघेही कृष्णवर्णीय. ज्या लीगमध्ये हेड कोचच्या जागेसाठी अल्पसंख्य उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला लावणारा नियम २००३पासून आहे, तिथे एकेका वर्षाच्या संधीवरून मार्क देताना जरा हात आखडता घ्यावा. तक्त्यात हा रकाना नाही तुमच्या.

एडिसनकर

नाही, खरंच नाही. मान्य.

पण सोनचाफा, माझा तक्ता असता तर तुम्ही वाचला असता! समोर कोल्ट्सचा कोच कोण होता? जेफ सॅटरडे. नोव्हेंबरपर्यंत टीव्हीवर विश्लेषण करणारा. खेळाडू म्हणून मोठा, पण कोच म्हणून फक्त शाळेच्या टीमचा अनुभव. आठपैकी एक जिंकला. आणि इकडे सुपर बोलपर्यंत टीम नेलेला स्मिथ. कोच बघून निवड केली असती तर कोल्ट्स लिहिले असते.

सोनचाफा

कोल्ट्स मी नोव्हेंबरातच वापरले होते. सॅटरडेला बघूनच.

रात्रपाळी

😂 पैसे कोणाला मिळाले मग?

सोनचाफा

अकाउंट्सवाल्या बाईला. तिने कार्डिनल्स लिहिले होते, ते सॅन फ्रान्सिस्कोत १३-३८ ने पडले. सोमवारी तिने सगळ्यांना डोनट आणले, मी दोन खाल्ले. विचारलं, कार्डिनल्स शेवटपर्यंत जपून ठेवायचं कसं सुचलं, कोच बघून? म्हणाली, "त्यांचा कोच कोण आहे?"

रात्रपाळी

घ्या. धागा बंद करा.

एडिसनकर

बंद कशाला? डोनट वाटले त्याच सोमवारी कार्डिनल्सनी क्लिफ किंग्जबरीला काढलं. माझ्या तक्त्यात त्याला दोन मार्क होते. हवा तर फोटो टाकतो.

ठमी

टाका. तारखेसकट.