पहिल्याच भेटीत आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सांगणारे डॉक्टर की तीन महिने थांबा म्हणणारे?

सायली_३४:
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

वय ३४. बाळासाठी अडीच वर्षं प्रयत्न चालू आहेत. पाळी नियमित आहे, एचएसजी (गर्भनलिकांचा एक्स-रे) झाली, दोन्ही नळ्या मोकळ्या. एएमएच (अंडी किती उरलीत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.१. नवऱ्याच्या वीर्यतपासणीत शुक्राणू मिलिलिटरमागे ९० लाख आले आणि हालचालही कमी. ही तपासणी एकदाच झालीय.

आम्ही दोन डॉक्टरांना भेटलो. पहिलं मोठं सेंटर. डॉक्टरांनी कागद उलटले आणि म्हणाले, "एएमएच कमी आहे, वेळ घालवू नका, याच पाळीपासून इंजेक्शनं सुरू करू. आमचा सक्सेस रेट ७० टक्के आहे." नवरा माझ्या शेजारीच बसला होता, त्याला एक प्रश्न विचारला नाही. बाहेर काउन्सेलरने छापील पॅकेज हातात दिलं, त्यात 'एंडोमेट्रियल स्क्रॅच' (गर्भाशयाच्या अस्तरावर मुद्दाम ओरखडा काढणं) आधीच धरलेलं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली. नवऱ्याला विचारलं, मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला होता का? आला होता, चांगला आठवडाभर, १०३ पर्यंत. त्या म्हणाल्या, मग हा रिपोर्ट धरून काही ठरवायचं नाही. यूरॉलॉजिस्टना दाखवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पण त्यांचं क्लिनिक लहान, स्वतःची लॅब नाही, आयव्हीएफ करायची वेळ आली तर दुसऱ्यांच्या लॅबमध्ये करतात.

सासूबाईंना मोठ्या सेंटरवर भरवसा वाटतो. मला दुसऱ्या डॉक्टर पटल्या, पण १.१ हा आकडा रात्री झोपू देत नाही. तीन महिने थांबणं म्हणजे हातातली वेळ घालवणं तर नाही ना?

मृण्मयी:
सायली, आधी त्या ७० टक्क्यांबद्दल बोलते, कारण मी त्याच आकड्यावर भुलले होते. मी ३८ ची होते. मला सांगितलेला आकडा सगळ्या वयाच्या बायकांचा होता, दात्याची अंडी वापरलेल्यासुद्धा त्यात होत्या, आणि तो मोजला होता ट्रान्सफरमागे, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडलेल्यांमागे. म्हणून ज्यांचं सायकल (उपचाराची एक फेरी) मध्येच बंद पडलं, ज्यांचं एकही भ्रूण टिकलं नाही, त्या हिशेबातच नाहीत. शिवाय 'यश' म्हणजे स्कॅनमध्ये दिसलेली गर्भधारणा. नंतर गर्भपात झाला तरी यशच. तुम्ही इतकंच विचारा: माझ्या वयाच्या, स्वतःची अंडी वापरणाऱ्या शंभर जणींनी सायकल सुरू केलं, तर किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?

दुसरं, रात्री फोन कोण उचलतं ते पाहा. माझं पहिलं पिकअप (अंडी काढून घेणं) झाल्यावर दोन दिवसांत वजन तीन किलोनं वाढलं, पोट टम्म, श्वास लागत होता. फोनवर सांगत राहिले, गॅस असेल. ते ओएचएसएस (इंजेक्शनांमुळे अंडाशयं प्रमाणाबाहेर सुजून होणारा त्रास) होतं, पाच दिवस दवाखान्यात काढले. पुढच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ही सगळी हकीकत काढून घेतली, ट्रिगरचं (पिकअपआधी अंडी पक्व करणारं) इंजेक्शन बदललं, भ्रूणं गोठवली आणि महिनाभर थांबून ट्रान्सफर केलं. त्या थांबण्याचा मला तेव्हा राग आला होता. लेक आता चार वर्षांची आहे.

आणि एएमएच अंडी साधारण किती उरलीत ते सांगतं, ती कशी आहेत हे नाही. त्यासाठी तुमचं वय जास्त बोलतं, आणि ३४ वाईट नाही.

काचपट्टी:
मी बारा वर्षं भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करतेय, म्हणून लॅबपुरतं लिहिते.

स्वतःची लॅब नसणं हा दोष नाही. लॅब कुणाची, तिथे रोज काम चालतं का, भ्रूणतज्ज्ञ कायमचे आहेत का, हे विचारा. काही ठिकाणी भ्रूणतज्ज्ञ महिन्यातून ठरावीक दिवशी बाहेरून येतात आणि सगळ्या पेशंटांच्या तारखा गोळ्या देऊन त्या दिवसांशी जुळवतात. पिकअप तुमच्या फॉलिकलच्या (अंडाशयातल्या अंड्याच्या पिशवीच्या) वाढीप्रमाणे व्हायला हवं. रविवारी पिकअप करता का, एवढं विचारलंत तरी पुष्कळ कळेल. फलन झालं की नाही ते १६ ते १८ तासांनी पाहावं लागतं, तेव्हा कोण हजर असतं? नमुन्यांवरची नावं दोन माणसं ताडून पाहतात का?

स्क्रॅचला नाही म्हणा. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १,३६४ स्त्रियांवरचा अभ्यास आला. स्क्रॅच केलेल्यांत आणि न केलेल्यांत जिवंत बाळ होण्याचं प्रमाण तेच, २६.१ टक्के. दुखतं मात्र नक्की.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. जोराच्या तापानंतरचा रिपोर्ट खराब येतो तो म्हणूनच, आणि तुमच्या डॉक्टरांचे तीन महिने आले तेही तिथूनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख आहे. तुमचा आकडा कमी आहे, पण पुन्हा तपासण्याजोगा नक्कीच आहे. नमुना देण्याआधी शेवटच्या वीर्यपतनापासून दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा.

अनिकेत:
नवऱ्याच्या बाजूने एवढंच. दीड वर्ष बायकोला इंजेक्शनं टोचली आणि मला कुणी हात लावून तपासलं नाही. यूरॉलॉजिस्टनी दोन मिनिटांत व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) सांगितलं. तिचे ते दंडावरचे काळेनिळे डाग मला अजून दिसतात. सायलीताई, त्यांना यूरॉलॉजिस्टकडे पाठवाच, आणि तुम्ही सोबत जा.

सायली_३४:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्हीकडे फोन केले, तेच प्रश्न विचारले.

मोठ्या सेंटरमध्ये 'सायकलमागे' म्हटल्यावर उत्तर आलं, "ते डॉक्टरच सांगतील, आधी बुकिंग करा." दुसऱ्या डॉक्टरांनी संध्याकाळी स्वतः फोन केला. लॅबचं नाव सांगितलं, तिथे दोन भ्रूणतज्ज्ञ कायम आहेत, रविवारीही काम चालतं. माझ्या वयाच्या पेशंट त्यांच्याकडे मोजक्याच झाल्यात, त्यामुळे टक्केवारी सांगणं बरोबर होणार नाही, म्हणाल्या. हे ऐकून मला उलट धीर आला. तीन महिन्यांच्या पुढे मात्र ढकलणार नाही, हे त्यांनीच फाइलवर लिहून ठेवलंय. आणि या पाळीत माझा फॉलिकलचा स्कॅन करून घेणार आहेत, म्हणजे नुसत्या एएमएचवर बसायला नको.

गुरुवारी यूरॉलॉजिस्टची वेळ मिळालीय. दोघंही जातोय. तो तापाच्या वेळचे कागद शोधतोय, सकाळपासून दोन कपाटं उपसून झाली.