परदेशी निघताना : तयारी, फजिती आणि कामी आलेल्या गोष्टी. आपापले अनुभव सांगा

मोंढ्यावरची

काल शेजारच्या काकू ताणकाटा मागायला आल्या. त्यांची धाकटी जर्मनीला चाललीय शिकायला, बॅग मोजायची होती. माझ्याकडं काटा नव्हता, पण त्यावरनं आमच्या मोंढ्यातल्या काट्याची आठवण निघाली आणि रात्रभर एकटीच हसत बसले.

२०११ साल. ताईचं पहिलं बाळंतपण, न्यू जर्सीत. आई-दादा पहिल्यांदाच विमानात बसणार. दादांची आडत, त्यामुळं वजनाचा विषय निघाला की घरात दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी २३ किलो. दादा म्हणले, तेवीस चोक ब्याण्णव. बॅगा हातगाडीवर घालून मोंढ्यात नेल्या, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी काट्यावर चढवल्या. हमाल मामांनी विचारलं, "मालक, बारदान वजा करायचं का?" म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. एकूण भरलं ब्याण्णवला पाव किलो कमी. दादा खूश.

मुंबईच्या काउंटरवर कळलं की हिशोब बॅगेचा असतो, पोत्यांचा नाही. एक बॅग २९ ची, एक १७ ची. रात्री एक वाजता तिथंच फरशीवर बॅगा उघडल्या. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाजरीचं पीठ, टोपडी-दुपटी, सगळं आईच्या नऊवारीवर मांडलेलं आणि येणारे-जाणारे बघायलेत. एका अनोळखी काकांनी सुतळी दिली. त्यांचं भलं होवो.

तेव्हापासून आमच्याकडं बॅग घरीच भरायची, प्रत्येक बॅग वेगळी मोजायची आणि किलोभर कमीच ठेवायची, कारण घरचा आणि विमानतळावरचा काटा जुळेलच असं नाही. एक बॅग ३२ किलोच्या वर गेली तर सहसा पैसे भरूनही घेत नाहीत.

कोरडी माहिती कुठंही मिळते. आपल्या इकडून जाणाऱ्यांचं कुठं अडलं आणि कशानं निभावलं ते लिहा. काकूंना वाचून दाखवणार आहे.

जुना जालना

बारदान वजा करायचं का!! मेलो.

आमचं तारखेनं घात केला. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.४०. आम्ही धरलं १५ च्या रात्री. १४ च्या देवगिरीचं रिझर्वेशन, १५ ला सकाळी मुंबईत, दिवसभर मावशीकडं आराम, रात्री विमान. एकदम बैजवार. १४ ला सकाळी दहा वाजता भाच्याचा फोन, "मामा, निघालाव ना?" म्हणलं कुठं? तो म्हणला विमान आज रात्री आहे, बारा वाजले की पंधरा तारीख लागती.

बायको वाळवणं उचलायला गच्चीवर गेलेली. बॅगा अर्ध्या. अकराला गाडी ठरवली, तेव्हा समृद्धी नव्हता. नाशिक, कसारा घाट, पुढं भिवंडीचं ट्रॅफिक. पावणेनऊला विमानतळ. वाटेत कुणीच कुणाशी बोललं नाही. आता घरात नियम आहे, बारा ते पहाटे चारमधलं विमान असलं की कॅलेंडरवर आदल्या दिवसाला लाल गोल.

उदगीरचा मास्तर

पण मुंबईच कामून? लातूर, नांदेड, उदगीर, देगलूरवाल्यांनी हैदराबाद बघावं. आम्ही झहीराबादवरून पटनचेरूला बाहेरचा रिंग रोड धरतो तो सरळ शमशाबादला. शहरात शिरायचंच नाही. चार-पाच तासांचं काम. वाटेत इराणी चहा.

जुना जालना

मास्तर, आम्हाला नाही ना जवळ ते.

उदगीरचा मास्तर

तुमच्यासाठी नाही लिहिलं. ज्यांना जवळ आहे त्यांच्यासाठी लिहिलं.

एक जून मंडळ

नाव वाचून कळलंच असेल. आमच्या घरात पाच जणांचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोरगं बघून साल ठरवायचं, तारीख सगळ्यांची तीच. अण्णा आणि चुलते दोघं १ जून, सालही एकच. शारजाला काउंटरवरच्या माणसानं दोघांकडं तीन-तीनदा बघून विचारलं, जुळे का? अण्णांनी हिंदीत समजावलं, "नहीं साब, गुरुजी एक थे."

हसण्यावारी गेलं, पण कागद एकसारखे नसतील तर पासपोर्टच्या आधीच दुरुस्त करा. आमचं "राव" आधारवर डब्ल्यूनं, पॅनवर व्हीनं, टीसीवर तिसरंच. वर आजीच्या जुन्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरी, सगळं नाव एकच शब्द. नोव्हेंबर २०२२ पासून दुबईकडं भेटीच्या व्हिसावर असं एकशब्दी नाव चालत नाही. ऐनवेळी पासपोर्ट नव्यानं काढायला लागला, १५०० रुपये फी आणि दीड महिना जिवाला घोर.

पासपोर्ट हातात असला तरी मुदत बघा. कित्येक देश सहा महिने शिल्लक असल्याशिवाय घेत नाहीत. लहान लेकरांचा दहा नाही, पाचच वर्षांचा असतो, ते लई जण विसरतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना जन्माचा दाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही. म्हणजे पुढच्या पिढीत आमचं मंडळ बंद पडणार.

माजलगावची सून

कुकरच्या तीन शिट्ट्यांत लिहिते. खसखस नेऊ नका. दुबई, सौदी, सिंगापूर, कुठंच नाही. तिकडं ती अफूच्या हिशोबात धरतात. सासूबाईंनी नणंदेसाठी काळा मसाला आणि येसर दोन्ही बांधून दिलं होतं. दिरानं ऐनवेळी विचारलं, आई यात खसखस आहे का? आई म्हणल्या, चिमूटभर. चिमूटभरासाठी पोराला आत बसवणार का! सगळं काढलं. पुन्हा बिनखसखशीचं कांडून आणलं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण काढून ठेवा. तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत. लोणचं, तूप, पातळ असं काहीही हातातल्या पिशवीत नको, १०० मिलिच्या वर तिथंच टोपलीत जातं. आईचं लिंबाचं लोणचं त्या टोपलीत पडताना बघितलंय मी. अजून सलतं.

बिंदुसरा

येसरात खसखस?? आमच्या बीडकडं कुणी टाकत नाही. येसर म्हणजे डाळी, गहू, धने, मिरची.

माजलगावची सून

माजलगाव पण बीडमधीच आहे वो. आमच्या सासूबाई टाकतात, तुम्ही येऊन भांडा त्यांच्याशी.

तेरणेकाठची

आमच्याकडं बाजरी पण भाजून घालतात. कुणीतरी येसरचा वेगळा धागा काढा ना.

पैठण गेट

अम्मी-अब्बूंना उमऱ्याला नेलं होतं. मेनिंजायटिसची लस पोचायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची असते, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. अब्बूंना शुगर. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवलं, खालच्या बॅगेत गारठून खराब होऊ शकतं. गोळ्या पत्त्यासकट, डब्यात मोकळ्या ओतून नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाईप केलेली चिठ्ठी घ्या, त्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव पाहिजे. आपल्याकडं सर्रास मिळणाऱ्या काही दुखण्याच्या आणि खोकल्याच्या औषधांवर, ट्रॅमाडॉल, कोडीन वगैरे, आखाती देशांत कडक बंधनं आहेत.

आणि व्हीलचेअर. अम्मी म्हणे मी चालते, लोक काय म्हणतील. आम्ही तिकीट काढतानाच मागून ठेवली, पैसे लागत नाहीत. दोघांना इंग्रजी येत नाही, पण ढकलणारा माणूस थेट इमिग्रेशनपासून गेटपर्यंत नेऊन बसवतो. चुकायचा सवालच नाही. परत आल्यावर अम्मीनं अख्ख्या गल्लीला सांगितलं, "हुजूर जैसा ले गए."

मोंढ्यावरची

हे लई भारी @पैठण गेट. आईला आम्ही व्हीलचेअर मागितली नव्हती, तिला वाटलं अपशकुन. मधल्या विमानतळावर दादा बाथरूमला गेले आणि आई गर्दीमागं चालत भलत्याच गेटवर. शेवटी एका मल्याळी नर्सबाईनं आणून सोडलं. भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण दोघी रडल्या म्हणे.

परभणी एक्सप्रेस

दुबईत व्हॉट्सॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. हे आधी घरी सांगून ठेवा. मी उतरल्यावर "पोचलो" टाकलं आणि झोपलो. इकडं आई रात्रभर कॉल लावत होती. सकाळी उठून बघतो तर गावातल्या ग्रुपवर माझा फोटो, "संपर्क होत नाही". सरपंचांनी पण हात जोडले होते खाली.

एक जून मंडळ

हात जोडले म्हणजे श्रद्धांजली का शुभेच्छा?

परभणी एक्सप्रेस

अजून स्पष्ट झालेलं नाही.

गोदाकाठ

थोडं गंभीर लिहितो. फिरायला जाणाऱ्यांचं ठीक आहे, आपल्याकडची पोरं कामालाही जातात. माझा धाकटा भाऊ नववी नापास, पाणी नाही म्हणून शेती मोडली, एका एजंटानं सौदीत ड्रायव्हरची नोकरी सांगितली. दहावी नसलं की पासपोर्टावर ईसीआर (परवानगी लागते असा शेरा) येतं, आणि आखातासह ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स काढावी लागते, ई-मायग्रेट या सरकारी साइटवरून. एजंट म्हणला कशाला झंझट, व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं बदलून देतो. आईनं पाटल्या मोडून पैसे उभे केले होते.

तालुक्याला एका निवृत्त तलाठ्यानं सांगितलं म्हणून ई-मायग्रेटवर एजंटाचा नोंदणी नंबर शोधला. नव्हताच. विचारलं तर फोन बंद. अर्धे पैसे बुडाले, पोरगं मात्र वाचलं. दोन वर्षांनी नोंदणी असलेल्या एजंटाकडून रीतसर गेला. करार हातात, त्याची एक प्रत आमच्या कपाटात. प्रवासी भारतीय बिमा योजनेचा विमा निघाला, दोन वर्षांना २७५ रुपये, १० लाखांचं संरक्षण. २७५ रुपये! एजंटानं तेवढ्याचा चहा पिला असंल आमच्याकडं.

व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. पगार बुडला, मालकानं हाकलून दिलं, तर कुणाकडं दाद मागणार?

माजलगावची सून

भाऊ, वाचून पोटात कालवलं. आईच्या पाटल्या झाल्या का परत?

गोदाकाठ

हाव ताई, एक जोड झाला. दुसरा त्याच्या लग्नात.

किनवटचा वाघ

आफ्रिकेचं कुणीच लिहीना. मी युगांडाला गेलो होतो कामासाठी. पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय जाता येत नाही. लस घेतल्यापासून १० दिवसांनी कार्ड लागू होतं, एकदा घेतली की जन्मभर चालते. त्या कार्डाशिवाय परत आलं तर आपल्याकडंच सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. मला लसीसाठी मुंबई गाठावी लागली. तोवर मामांनी पिवळा ताप म्हणजे कावीळ असं धरून गावातल्या बाबाकडून माझी कावीळ उतरवून आणलेली. मला न नेता. नुसत्या शर्टावर.

तेरणेकाठची

शर्ट बरा आहे ना आता?

बार्शी रोड

लातूर. तीन वर्षं जर्मनीत काढून आलो, काकूंच्या मुलीसाठी लिहितो. एपीएस (आपल्या मार्कशीट-डिग्रीची पडताळणी) आणि ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) झालं असणारच (११,९०४ युरो, माझ्या वेळी कमी होते), त्याशिवाय सहसा व्हिसा मिळत नाही. मूळ कागद सगळे पाठीवरच्या सॅकमध्ये, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. माझी बॅग दोन दिवस उशिरा आली. अंगावरच्या कपड्यांवर विद्यापीठात गेलो, पण कागद होते म्हणून नोंदणी झाली.

आपला मोबाईलचा दोन गोल पिनांचा चार्जर तिकडं तसाच बसतो. तीन पिनांचं काहीच बसत नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र इकडचा मिक्सर नेऊ नये, तिथं वीज १२० व्होल्टची. पॉवर बँक हातातच ठेवायची, खालच्या बॅगेत चालत नाही.

इकडचं सिम बंद करू नको म्हणावं. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. निघायच्या आधी रोमिंग चालू करून ठेवायचं, तिकडं गेल्यावर चालू करायला परत ओटीपीच मागतात. मी फसलो, भावाला बँकेत पाठवावं लागलं आणि ते म्हणले खातेदाराला घेऊन या.

छोटा कुकर नक्की. शिट्टी आणि रिंग जास्तीची. ज्वारीचं पीठ मात्र लई नेऊ नको. मी पाच किलो नेलं, भाकरी थापायला येत नव्हती. थालीपीठ म्हणून सहा महिने काय खाल्लं ते मलाच माहीत.

बिंदुसरा

थेट विचारतो, तिकडं तांब्याचं काय?

बार्शी रोड

पाण्याची रिकामी बाटली. यापेक्षा जास्त इथं लिहिता येणार नाही.

उदगीरचा मास्तर

प्रत्येक धागा शेवटी इथंच येतो.

तेरणेकाठची

फोटोचं राहिलं. अमेरिकेच्या व्हिसाला दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा चालत नाही. आमच्या चौकातल्या स्टुडिओवाल्यानं हौसेनं आईच्या गालावरचा तीळ काढून टाकला आणि रंग उजळला. म्हणे परदेशात चाललेत, चांगलं दिसलं पाहिजे. परत काढला.

मोंढ्यावरची

काकूंना सगळं वाचून दाखवलं. खसखशीचं ऐकून त्यांनी लगेच डबे उघडले. जर्मनीला चालतं का माहीत नाही, पण काढूनच टाकली. कागद सॅकमध्ये गेले. पीठ पाचावरून दोन किलोवर आणलं, पोरीला भाकरी येते असं काकूंचं म्हणणं आहे, पोरगी गप्प.

ताणकाटा काही मिळाला नाही. मग घरातल्या वजनकाट्यावर आधी काकू नुसत्या उभ्या राहिल्या, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी केली. बॅग निघाली साडेबावीस. काकूंचं वजन सगळ्या गल्लीला कळलं.

दादा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. तिथूनच म्हणले, "बघा, बारदान वजा करावंच लागतं."

जुना जालना

दादांना दंडवत! येसरच्या धाग्याचं काय झालं?