घरी बनवलेला टिअरड्रॉप ट्रेलर: पत्रा बसवण्याआधी गंज आणि पाण्याचं काय करू?

चाकावरची खोली:
नमस्कार मंडळी. दोन माणसं झोपतील एवढा टिअरड्रॉप ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची थेंबाच्या आकाराची छोटी खोली, घरीच बांधतोय. सांगाडा चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा. वेल्डिंग झालंय, रंग बाकी आहे. तळाला १२ मिमी प्लाय, बाजूंना १८ मिमी, छताला ३ मिमीचे दोन थर वाकवून चिकटवणार. सगळ्यावरून ॲल्युमिनियमचा पत्रा. मागे ओटा आणि त्यावर वर उघडणारं झाकण.

पत्रा एकदा बसला की आतलं काही दिसणार नाही, म्हणून आत्ताच विचारतो. सांगाड्याला रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) आणि वरून रंग एवढं पुरेल, की गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे जस्ताचा थर चढवून घेऊ? पत्र्याखाली प्लायला काही लावायचं का? सांधे सिलिकॉनने भरले तर चालतील ना? जो तो म्हणतो, मरीन प्लाय घे आणि निर्धास्त राहा.

रंधाकाम:
मरीन प्लायवर निर्धास्त राहू नका. त्यातला डिंक पाण्याला दाद देत नाही, पण लाकूड ते लाकूडच. पाणी मुरलं की कुजतं.

माझ्याकडे असे ट्रेलर दुरुस्तीला येतात. भिंतीचा मधला भाग बहुतेक ठणठणीत असतो. सडतं कुठे, तर मागच्या झाकणाखालचे दोन्ही कोपरे, तळाच्या प्लायची कड आणि छतावरच्या झरोक्याची चौकट. बाहेरून पत्रा छान दिसतो, पण कोपऱ्यात टोचा दाबला की लोण्यात शिरावा तसा आत जातो. पत्र्याच्या कडेवरची पट्टी काढली की काळं पडलेलं, थर सुटलेलं लाकूड आणि त्यात गंजून निम्मा उरलेला स्क्रू. पाणी तिथूनच शिरलेलं असतं, स्क्रूच्या भोकातून.

म्हणून सगळा जीव कडांवर आणि भोकांवर लावा. कड पाणी शोषते, सपाट बाजू त्यामानाने फार कमी. प्रत्येक कापलेल्या कडेला पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं राळेसारखं रसायन) लावा, पिईल तेवढं पिऊ द्या आणि ते चिकट असतानाच दुसरा हात मारा. तळाच्या प्लायला खालूनही लावा, सांगाड्यावर ठेवण्याआधी. स्क्रूचं भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू पिळा. म्हणजे स्क्रूभोवती लाकूड उघडं राहतच नाही. वेळखाऊ काम आहे, पण झरोका, दिवे, बिजागऱ्या, सगळीकडे कराच.

सिलिकॉनला माझा ठाम नकार. त्यावर रंग बसत नाही. आणि पुढे सांधा उघडून नव्याने भरायचा झाला तर त्याचा तेलकट अंश राहतो, मग दुसरं काहीच नीट चिकटत नाही. कडेच्या पट्ट्यांखाली आणि झरोक्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी घाला. ती कडक होत नाही, आणि इथे तेच हवं. तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ पावणेतीन मिमी लांबतो. ताठ सांधा अशा ओढाताणीत फाटतो. स्क्रू आवळल्यावर टेप कडेने बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा आणि बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पातीने कापा.

ठिणगी:
मी लोखंडाचं सांगतो. काळ्या पाइपवर निळसर खपली असते, मिल स्केल. तिच्यावर दिलेला रंग तिच्याबरोबरच सुटतो. ग्राइंडरने ती काढा, वेल्डवरचा स्लॅग (वर जमलेली कडक खपली) झाडा, थिनरने तेल पुसा. मग जस्तवाला किंवा इपॉक्सी प्रायमर आणि वरून रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका. चाकांनी उडवलेली खडी त्याचे टवके काढते.

पण पाइप खरा गंजतो आतून. एक तर सगळी तोंडं आणि सगळे सांधे हवाबंद वेल्ड करा, नाहीतर प्रत्येक पाइपच्या सर्वांत खालच्या जागी भोक ठेवा आणि आत मेणाचा फवारा मारा. पाणी आत जाईल पण बाहेर येणार नाही, हा अर्धवट प्रकार सर्वांत वाईट.

गॅल्व्हनाइझिंग उत्तमच, फक्त वेल्डिंग, ड्रिलिंग सगळं उरकून मगच पाठवा. बंद पाइप मात्र कधीही पाठवू नका. जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास तापलेली असते. आत अडकलेल्या हवेने आणि ओलीने पाइप फुटतो आणि माणसं भाजतात. भोकं किती आणि कुठे, हे त्या कारखान्यालाच विचारा.

आणि ॲल्युमिनियम लोखंडाला थेट टेकू देऊ नका. मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसू लागते. मध्ये रबराची पट्टी घाला. स्क्रू स्टेनलेसचे, पण डोक्याखाली सीलंट हवाच.

चाकावरची खोली:
दोघांचेही मनापासून आभार. कडांचा विचारच मी केला नव्हता. मागच्या झाकणाला रबराची पुंगळी चारी बाजूंनी लावली तर पुरेल का?

रंधाकाम:
एकट्या रबरावर भिस्त ठेवू नका, ते दबून बसतं. पुंगळी लावा, पण तिच्या बाहेरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी पन्हळ ठेवा आणि पन्हळीचं तोंड थेट ट्रेलरच्या खाली काढा. रबर दबलं तरी पाणी आधी त्या पन्हळीत पडेल अशी रचना हवी. वर, बिजागरीची अख्खी लांब पट्टी मिळते तीच घ्या. सुट्या बिजागऱ्यांच्या मधली फट कायम गळते.

मग पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर जात. आधी वरून ओतलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

दवबिंदू:
दादा, पावसाइतकंच पाणी आतून येतं, तेही लक्षात घ्या. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड भिंतींवर आणि तळावर जमते. सकाळी गादी उचलली की खालचा प्लाय ओला लागतो. गादीखाली लाकडी पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवा. झरोका थंडीतही बोटभर उघडा असू द्या, आणि समोरच्या बाजूला खाली हवा यायलाही वाट हवी.

आत ऊब म्हणून गॅस अजिबात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच डब्यात राहतं.

उभा ठेवताना पुढचा दांडा जरा उंच ठेवा, म्हणजे छतावरचं पाणी मागे पन्हळीकडे जाईल. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. तिच्याखाली ओल कोंडते. शेडखाली किंवा हवा जाणाऱ्या कापडी आच्छादनाखाली ठेवा.

चाकावरची खोली:
ताई, गादीखाली फळी सलग घालणार होतो, आता पट्ट्याच घालतो. सांगाडा उद्या ग्राइंडरखाली घेतो. पाइपची तोंडं उघडीच आहेत, तर खालची भोकं पाडून मगच गॅल्व्हनाइझिंगवाल्याशी बोलेन.

ठिणगी:
थांबा, आधी बोला आणि मग भोकं पाडा. त्यांना हवी ती जागा आणि तो आकार वेगळा निघाला तर पुन्हा पाडावी लागतील.