मेक्सिकोच्या जुन्या पोथ्यांत मक्याची नासाडी: हे पंचांग आहे का?

रानवारा: मंडळी, परवा बोर्जिया पोथी म्हणून मेक्सिकोची जुनी चित्रपोथी आहे, तिच्या २७व्या पानाचा फोटो बघितला आणि डोक्यातून जाईना. चार कोपऱ्यांत चार पाऊसदेव, मधे पाचवा, पायाशी मक्याची रोपं, आणि प्रत्येक ठिकाणी मक्याची गत वेगळी. आपल्या पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक की उंदीर यावरून पावसाचा अंदाज देतात, तसलंच का हे? हे बघून पेरणी करायचे का लोक?

कणीस: अंदाज बरोबर आहे, पण पेरणीचं वेळापत्रक नाही म्हणता येणार. त्या लोकांच्या पंचांगात दिवसांची नावं २०, वर्षाचे दिवस ३६५, भागाकार केला की ५ उरतात, म्हणून वर्षाला नाव देणारे दिवस चारच होतात: वेत, गारगोटी, घर, ससा (नावापुढे १ ते १३ असा आकडा लागायचा). चार कोपरे म्हणजे ही चार वर्षं. भविष्य बघायची मोजणी मात्र २६० दिवसांची (२० गुणिले १३), ती दरवर्षी ऋतूंच्या १०५ दिवस पुढे सरकते, मग तिच्यावर पेरणी कशी करणार? पेरणी पावसावरच, पोथी बघायची ती यंदा पीक हाताला लागेल का एवढ्यासाठी.

काजवा: नासाडी बघायची असेल तर लिव्हरपूलची फेयेरवारी-मायर पोथी बघाच, ३३-३४ पानांवर मक्यावर पक्षी आणि उंदरासारखे प्राणी तुटून पडलेत. माद्रिदला असलेल्या माया लोकांच्या पोथीत तर पक्षी थेट मकादेवालाच टोचतात. आणि हे नुसतं भविष्य नव्हतं हो! पॅरिसला तेलेरियानो-रेमेन्सिस पोथी आहे, स्पॅनिश लोक आल्यानंतरची, त्यात १५०६ सालाखाली टीप आहे की उंदीर इतके झाले की सगळी पेरणी खाल्ली, लोक रात्री उजेड घेऊन शेत राखायला जायचे. ते वर्ष होतं १ ससा. १४५४ चा मोठा दुष्काळ पण १ सशातलाच, त्यामुळे या वर्षाची धास्तीच बसलेली, इतकी की दर ५२ वर्षांनी यायचा तो नवा अग्नी पेटवायचा सण पुढच्या २ वेत वर्षात, १५०७ ला केला.

रानवारा: बापरे, उजेड घेऊन राखण! आमच्याकडे आजही मक्यात रानडुकरं घुसतात म्हणून माचणावर बॅटरी घेऊन रात्र काढावी लागते, आणि २०१८ पासून त्यात लष्करी अळीची भर, ती पण मूळची अमेरिकेतलीच ना? ३३-३४ पानं आजच रात्री बघतो. थँक्स काजवा, थँक्स कणीस.